लाजाळू ‘शिकते’ की नुसती थकते?

पर्णहरित:
लाजाळूची कुंडी पुन्हा पुन्हा पाडली की ती पानं मिटायची थांबते, म्हणजे ती शिकते, असं वाचलं. पण पानं थकली असली तरी हेच दिसेल ना? फरक कसा ओळखायचा?

बीजांकुर:
प्रयोग खरा आहे, २०१४ मधला, मोनिका गाग्लियानो आणि सहकाऱ्यांचा. कुंडी १५ सेंमीवरून मऊ फोमवर, सलग ६० वेळा. शंकाही रास्त. पान मिटताना देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीतल्या पेशींमधून पोटॅशियम आयन आणि त्यामागोमाग पाणी बाहेर पडतं; ते परत भरेपर्यंत पान उघडत नाही. म्हणून मिटणं थांबलं की लगेच वेगळा धक्का द्यायचा, कुंडी गदगदा हलवायची. पानं मिटली तर गाठी शाबूत आहेत, थकव्याचा मुद्दा निकालात. ही पायरी गाळली तर बाकीच्या मोजमापाला अर्थ नाही.

करून बघणार असाल तर कुंडी दोन उभ्या पट्ट्यांमधून सरळ खाली येऊ द्या. तिरकी पडली की दर वेळी धक्का वेगळा. अंधार पडायला लागल्यावर नको, तेव्हा लाजाळू आपसूकच मिटते. पानाची पसरण फोटोवरून मोजा, आणि कोणता फोटो कधीचा हे मोजणाऱ्याला सांगू नका. आपल्याला हवं ते डोळ्यांना दिसतंच!

मुळाक्षर:
‘शिकणं’ जरा जपून वापरा. २०१६ मध्ये त्याच गटाने वाटाण्याची रोपं वाऱ्याची झुळूक आणि प्रकाश यांचा संबंध जोडतात असं मांडलं. २०२० मध्ये जास्त रोपं घेऊन तो प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा तसं काही आढळलं नाही. लाजाळूचं आहे ते सरावणं. दोन गोष्टींची सांगड घालणं फार पुढचं.

पर्णहरित:
मग ‘निर्णय’ तरी म्हणता येईल?

मुळाक्षर:
व्हीनस फ्लायट्रॅप या सापळ्यासारख्या पानांनी किडे पकडणाऱ्या झाडाबद्दल बेलाशक म्हणा. सापळ्यातल्या केसाला एकदा स्पर्श झाला की पेशींत कॅल्शियम वाढतं आणि हळूहळू ओसरतं. साधारण ३० सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला तरच पातळी उंबरठा ओलांडते आणि सापळा मिटतो. पावसाच्या एखाद्या थेंबाने तो मिटत नाही. आत किडा धडपडत राहिला, स्पर्श पाचाच्या आसपास गेले, की पाचकरसाची तयारी सुरू होते. मोजणं आहे, विसरणं आहे, खर्चाचा हिशेबही आहे. मेंदू लागत नाही.

बीजांकुर:
त्याच कारणासाठी बोटाने सापळे मिटवत बसू नका. मोजक्याच वेळा मिटून तो सापळा निकामी होतो.