मदत हवी आहे : आमच्या वस्तीची नावं दुसऱ्याच प्रभागाच्या यादीत गेली आहेत

नमस्कार मंडळी. आमची ग्रामपंचायत ९ सदस्यांची, एकूण तीन प्रभाग. प्रारूप मतदार यादी चावडीवर लागली आहे. ओढ्यापलीकडची मळ्यातली वस्ती, १४ घरं, ५२ मतं, अंतिम प्रभाग रचनेत प्रभाग ३ मध्ये आहे. यादीत मात्र सगळी नावं प्रभाग १ मध्ये. हरकतीला चार दिवस उरलेत. अर्ज कुणाकडे, कसा करायचा? वस्तीवरची दोन मुलं १८ पूर्ण झालीत, त्यांची नावं विधानसभा यादीतही नाहीत. शिवाय वहिनी प्रभाग ३ मधल्या ओबीसी महिला जागेवर उभ्या राहणार आहेत. त्यांचं नाव प्रभाग १ मध्येच राहिलं तर अर्ज बाद होईल का?

प्रतिसाद १
दादा, आधी वहिनींचं सांगतो. अर्ज त्या कारणाने बाद होत नाही. गावाच्या मतदार यादीत नाव आणि वय २१ पूर्ण असलं की गावातल्या कुठल्याही प्रभागातून उभं राहता येतं. नुकसान होईल ते मतांचं. ही ५२ मतं त्यांना पडणारच नाहीत. म्हणून हरकतीत कसूर करू नका.

हरकत तहसीलदारांकडे, लेखी. "आमची नावं चुकली" एवढंच लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. तक्ता करा : मतदाराचं नाव, विधानसभा यादीतला भाग क्रमांक व अनुक्रमांक, आता दाखवलेला प्रभाग, खरा प्रभाग. घरटी एक अर्ज आणि त्या घरातल्या प्रत्येक मतदाराची सही, हे सगळ्यात भक्कम. सोबत अंतिम प्रभाग रचनेचं सीमावर्णन व नकाशा जोडा, त्यावर ओढा आणि वस्ती लाल पेनाने दाखवा. ग्रामपंचायतीकडून नमुना ८ चा (घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा घ्या, त्यात घर क्रमांक असतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

चूक बहुतेक वेळा अशी होते : विधानसभा यादी फोडून प्रभागात वाटतात. मळ्यातल्या नावांपुढे घर क्रमांक धड नसतो, मग वाटणारा माणूस यादीतला अख्खा विभागच एका प्रभागात टाकून देतो. म्हणून अर्जात स्थळपाहणीची मागणी करा. तलाठी येतील तेव्हा वस्तीवरची दोन जाणती माणसं हजर ठेवा.

मुलांचं मात्र या टप्प्यात होणार नाही. इथे फक्त प्रभाग बदल, लेखनिकाच्या चुका आणि विधानसभा यादीत असूनही गळालेली नावं दुरुस्त होतात. त्यांना आत्ताच नवीन मतदार नोंदणीचा नमुना ६ भरायला लावा, पुढच्या निवडणुकीला तरी हुकणार नाहीत.

प्रतिसाद २
वरच्यात एक भर. अंतिम यादी लागली की प्रभाग १ आणि ३, दोन्ही याद्या बोट ठेवून वाचा. प्रभाग १ मधून नाव कमी झालं आणि ३ मध्ये चढलंच नाही, असं घडतं. मतदानाच्या सकाळी ते कळून उपयोग नाही.

आणि वहिनींच्या अर्जाचं. राखीव जागेला अनामत १०० रुपये. जात वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र लागतं, निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र द्यावं लागतं. घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी पाहा. एकत्र कुटुंबात घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ती बाकी सुनेच्या अंगाशी येते, ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ मध्ये तसं स्पष्ट आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं नसावं. गावठाणात किंवा गायरानात अतिक्रमण असेल तर आधीच वकिलाला विचारा. अशा तक्रारी पुढे निवडून आल्यावरही होतात आणि पद जातं.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. घरपट्टीची एका वर्षाची बाकी निघाली, आजच भरून पावती घेतली. सासऱ्यांच्याच नावावर होती. १४ अर्ज तयार करतोय. दोन आजी अंगठा देतात, चालेल?

प्रतिसाद १
चालेल. शेजारी साक्षीदाराची सही आणि पूर्ण नाव घ्या, अंगठा डावा की उजवा ते लिहा. त्या आजींना आत्ताच सांगून ठेवा : सरपंच थेट निवडून द्यायचा असल्याने त्यांची मतं चार, तीन सदस्यांची आणि एक सरपंचाचं. यंत्रावरची सरपंचाची मतपत्रिका फिकट निळी, ओबीसी जागेची फिकट पिवळी, सर्वसाधारण पांढरी. एक बटण दाबून माघारी फिरायचं नाही. चारही झाल्यावर लांब आवाज येतो, तोवर यंत्रापाशीच थांबायचं.