शीटिंगवर ओराकव्हरचे फुगे, इस्त्री अजून गरम करू का?

विमानवेडा_नाशिक
मंडळी, बाल्साच्या हलक्या लाकडाचं ट्रेनर (शिकाऊंसाठीचं मॉडेल विमान) बांधतोय, पंखाला ओराकव्हर (इस्त्रीने चिकटवायची प्लास्टिकची फिल्म) लावायला घेतलंय. रिब्जच्या (पंखाच्या फासळ्यांच्या) मधे मस्त ताणलं जातंय पण पुढे जिथे शीटिंग (सांगाड्यावर चिकटवलेली पातळ बाल्साची फळी) आहे तिथे बारीक बारीक फुगे येतात, इस्त्री फिरवली की अजून वाढतात. घरची कपड्यांचीच इस्त्री आहे. तापमान वाढवू का? आणि आधी वरची बाजू की खालची?

बाल्साभुसा
अहो वाढवू नका, कमी करा! ओराकव्हरचा गोंद साधारण १०० डिग्रीला धरतो, फिल्म आवळते ती १५० च्या आसपास. तुम्ही बहुतेक पहिल्यापासूनच आवळायच्या तापमानावर आहात, त्यात शीटिंगमधली हवा आणि ओल तापून फुगते, तिला बाहेर पडायला वाट नाही, मग ती फिल्मच वर उचलते. शीटिंगवर कमी तापमानात मधून कडेकडे सावकाश सरकत या. आलेल्या फुग्याला बारीक टाचणीने भोक पाडा आणि लगेच सुती फडक्याने दाबून धरा, गार होईपर्यंत. मोनोकोट (तशीच दुसऱ्या ब्रँडची फिल्म) असेल तर मात्र हे आकडे विसरा, त्याला जास्त उष्णता लागते.

कपड्यांच्या इस्त्रीवर नुसतं कॉटन-सिल्क लिहिलेलं, डिग्री कुठे कळणार. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत तळावर भलतंच दाखवतो, म्हणून इस्त्रीला सुती मोजा चढवून त्यावर तापमान बघा. मोज्याने फिल्मवर ओरखडेही येत नाहीत.

रिब_स्पार
आधी खालची बाजू, मग वरची. वरची फिल्म पुढच्या कडेवरून खाली वळवून ५-६ मिमी चढवली की जोड वरून दिसत नाही. आणि ३२० च्या पॉलिश पेपरने घासल्यावर भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या, नुसतं फुंकून भागत नाही, गोंद लाकडाऐवजी धुळीला चिकटतो.

विमानवेडा_नाशिक
भुसा फुंकूनच काढला होता 😅 पण पंख पीळ खाईल का हो, ताणताना?

बाल्साभुसा
खातो ना. चारी कडा पक्क्या झाल्याशिवाय मधला भाग ताणू नका, आणि खाली-वर आलटून पालटून थोडं थोडं. पीळ आलाच तर उलट्या दिशेला पिळून धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी इस्त्री फिरवायला सांगा, वॉशआउट (पंखाच्या टोकाला मुद्दाम दिलेला थोडा पीळ) पण असाच देतात. बाकी पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, तेव्हा सांगाडा दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवून मगच फिल्म लावा, नाहीतर हिवाळ्यात लाकूड आकसून सुरकुत्या पडतात.

रिब_स्पार
त्या सुरकुत्या हीट गनने जातात की, एवढं काय. फक्त जोडांपासून लांब धरा.