मदत हवी आहे: शिरपूर तालुक्यात इतिहासाचं चर्चासत्र आणि जाहीर व्याख्यान

तापीकाठ:
कॉलेजच्या इतिहास विभागातर्फे जानेवारीत एकदिवसीय चर्चासत्र घ्यायचंय. विषय 'मध्ययुगीन खानदेश'. त्यालाच जोडून गावकऱ्यांसाठी एक जाहीर व्याख्यानही हवंय. सभागृह एकच, २०० खुर्च्यांचं. शोधनिबंध ३० च्या वर येतील असं दिसतंय. सगळ्यांना वेळ कसा द्यायचा, व्याख्यान कधी ठेवायचं आणि निबंधांचं पुस्तक आयएसबीएनसह (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासह) काढावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

बोरू:
आधी हिशेब मांडा. १० ते ५ म्हणजे ४२० मिनिटं. उद्घाटन ४५, बीजभाषण ४५, जेवण ६०, दोन चहा ३०, समारोप ३०. उरली २१०. वाचनाला १० आणि चर्चेला ५ मिनिटं धरली तर १४ निबंध बसतात, तेही एक मिनिट वाया न जाता. म्हणून १२ च घ्या. बाकीच्यांना दोन बाय तीन फुटांचं भित्तिपत्रक लावायला सांगा आणि चहाच्या वेळी त्यांनी पत्रकापाशीच उभं राहायचं असं ठरवून द्या. तिथे प्रश्नोत्तरं मंचापेक्षा जास्त मोकळी होतात.

वेळ खरा जातो तो उद्घाटनात. मंचावर तीनच जण बसवा. सत्कार एकदाच, परिचय चार ओळींचा, तोही पत्रिकेत छापून. एवढं केलं नाही तर ४५ मिनिटांचे दोन तास होतात आणि कात्री लागते ती चर्चेवर, म्हणजे ज्यासाठी लोक बोलावले त्याच्यावरच. सत्राध्यक्षांसमोर घड्याळ ठेवा. आठव्या मिनिटाला एक घंटा, दहाव्याला दोन.

गोषवारा ३०० शब्दांचा आणि युनिकोडमध्येच मागवा, सोबत पीडीएफ. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरांची वाट लागते. निवडीची कसोटी एकच ठेवा: कोणतं अस्सल साधन (मूळ कागद, शिलालेख वगैरे) वापरलंय? 'खानदेशचा इतिहास : एक अभ्यास' असली शीर्षकं परत पाठवा.

गिरणाथडी:
बोरूंशी सहमत. व्याख्यान मात्र चर्चासत्राच्या दिवशी ठेवूच नका. दोन्हीकडचा श्रोता वेगळा आहे. आदल्या संध्याकाळी साडेसहाला ठेवा, शेतातली माणसं तोवर घरी आलेली असतात. ४५ मिनिटं भाषण, ३० मिनिटं प्रश्न. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, अहिराणीत आले तर अहिराणीतच वाचा. तारीख ठरवताना जवळच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न आहे का ते विचारून घ्या. डीजे लागला की माईक कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

विषय थाळनेर घ्या. तुमच्याच तालुक्यातली फारुकींची, म्हणजे खानदेशच्या सुलतानांची, जुनी राजधानी. या घराण्याचा संस्थापक मलिक राजा १३९९ मध्ये वारला, त्याचं थडगं तिथेच आहे. पुढे बुऱ्हाणपूर वसलं, आणि १६०१ मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला अकबराकडे गेल्यावर हे राज्य संपलं. एवढी दोनशे वर्षं एका संध्याकाळी नीट मांडता येतात.

पडद्यावर दाखवायला थडग्यांवरच्या अरबी लेखांचे फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा. भर दुपारी समोरून काढलेल्या फोटोत अक्षरं दगडात बुडून जातात. दगडावर खडू, तेल, पाणी काहीही लावू नका. ठसा घ्यायचा झालाच तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढून, तीही जाणकाराच्या हातून.

तापीकाठ:
फारच उपयोगी. मूळ कागदपत्रांचं छोटं प्रदर्शन ठेवावं का? आणि वक्ते पुण्याहून येणार आहेत.

बोरू:
ठेवा, पण मूळ कागद नकोत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाशी लेखी बोला, तिथला मोडी संग्रह मोठा आहे. परवानगीने मिळालेल्या प्रतिमा ए-३ वर छापा आणि प्रत्येकीखाली देवनागरी लिप्यंतर व दोन ओळींत आशय द्या. नुसती मोडी लावली की लोक लांबूनच बघून पुढे जातात.

वक्त्यांना चाळीसगाव किंवा जळगावला उतरवून पुढे गाडी करा. धुळ्याला येणारा रेल्वेचा फाटा चाळीसगावहून निघतो, त्यावरच्या गाडीच्या वेळेवर कार्यक्रम बांधू नका. मानधन आणि प्रवासखर्चाचा फॉर्म, बँक तपशील व तिकिटाची प्रत त्याच दिवशी घ्या, नंतर बिल अडकतं. विद्यापीठाकडून अनुदान मागणार असाल तर मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत पत्रिका छापू नका.

गिरणाथडी:
पुस्तकाबद्दल: आयएसबीएन भारतात मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे अर्ज करायचा. पण तो नुसता ओळखक्रमांक आहे, त्याने निबंध तपासला गेला असं होत नाही. म्हणून चर्चासत्राच्या दिवशीच पुस्तक हातात द्यायची घाई नको. त्या दिवशी फक्त गोषवाऱ्यांची पुस्तिका द्या. चर्चेत निघालेल्या दुरुस्त्यांसाठी दोन महिने द्या, प्रत्येक निबंध दोघांकडून वाचून घ्या, आणि तळटीपा सगळ्यांच्या एकाच पद्धतीने करा. हिजरी सन असेल तिथे इसवी सनही लिहायला लावा.