फँटसी फुटबॉल, २०२३ चा तिसरा आठवडा: तुमच्याकडे काय झालं? (अनुभव धागा)

एडिसनकरीण (धागाकर्ती)
मंडळी, मायामी ७०, डेन्वर २०. व्हिडिओ गेमचा नाही, काल-परवाचा खराखुरा एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा) स्कोअर आहे हा. ७२६ यार्ड, दहा टचडाउन (बॉल समोरच्या टीमच्या टोकापलीकडे नेणं). १९६६ मधे वॉशिंग्टनने ७२ केले होते, त्यानंतर सत्तरी कोणी गाठलीच नव्हती, आणि शेवटी फील्ड गोल (लाथेने खांबांमधून बॉल) मारून तो रेकॉर्ड मोडता आला असता तर कोच माइक मॅकडॅनियल नको म्हणाला. मोठं मन बिन ठीक आहे, पण ज्यांच्या फँटसी टीममधे (खऱ्या खेळाडूंची आपण निवडलेली टीम, ते मैदानात जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला) मायामीचा किकर होता त्यांना विचारा.

आज मंगळवार, रात्री वेव्हर (मोकळ्या खेळाडूंवरची बोली) लागतील, त्याच्या आत सगळ्यांनी आपापलं लिहा. अट एकच, नुसते स्कोअर टाकू नका, कोणाला का खेळवलं आणि आता पुढे काय करणार ते लिहा. आपल्या बहुतेकांच्या लीग पीपीआर आहेत म्हणजे प्रत्येक कॅचला एक पॉइंट, हिशोब त्या धरूनच करा.

माझ्यापासून सुरुवात. गॅरेट विल्सन, जेट्सचा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला बॉल पकडणारा. ड्राफ्टच्या (सीझनआधी खेळाडू निवडायच्या) वेळी ॲरन रॉजर्स त्याला बॉल टाकणार होता, रॉजर्स पहिल्याच मॅचला चौथ्या स्नॅपवर (म्हणजे चौथ्याच खेळीला) जखमी होऊन गेला आणि आता टाकतोय झॅक विल्सन. रविवारी ऑफेलिया वादळाचा पाऊस, पेट्रियट्सकडून १५-१० ने हार, गॅरेटचे पन्नास यार्डसुद्धा झाले नाहीत. आमच्या मंडळाचा गणपती त्याच दुपारी होता, महाप्रसादाच्या रांगेत जेट्सवाले कोण ते चेहऱ्यावरून ओळखू येत होतं. पण त्याला विकणार नाहीये. बॉल अजूनही त्याच्याचकडे जास्त येतोय, फक्त टाकणारा धड नाही, आणि आत्ता विकला तर कवडीमोलाने जाईल.

शिकागोतला वऱ्हाडी
माह्याकडे रहीम मॉस्टर्ट होता. १३ वेळा पळाला ८२ यार्ड, ७ कॅच ६० यार्ड, चार टचडाउन. चार बे! ४५.२ पॉइंट. एवढे पॉइंट एका माणसानं दिले का बाकीच्यांनी नुसतं मैदानावर हजर रायलं तरी जिंकते माणूस, अन् मी हरलो. काऊन? तर समोरच्याकडे डेव्हॉन एचेन. त्याच टीमचा, त्याच पोझिशनचा दुसरा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा). १८ वेळा पळून २०३ यार्ड, चार कॅच, त्याचेही चार टचडाउन, ५१.३.

आता त्या गड्यानं एचेनला काही अभ्यास करून खेळवलं नव्हतं. त्याचे दोघं जखमी, फ्लेक्समधे (रनिंग बॅक नाहीतं रिसीव्हर, कोणीही चालते ती जागा) टाकायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून टाकला, त्यानं सोताच सांगतलं. पहिल्या आठवड्यात पोरगा खांद्यामुळं खेळलाच नाही, दुसऱ्या आठवड्यात बॉलला जेमतेम हात लागला. यातून शिकायचं काय? काही नाही. तुमी म्हणान का अनुभव लिहा तर हाच अनुभव आहे.

वरून आमचे बेअर्स कॅन्सस सिटीत ४१-१० ने मार खाऊन आले अन् घरातले सारे टीव्हीवर टेलर स्विफ्ट पाहून रायले. तिच्या दोस्तानं, कॅन्सस सिटीच्या केल्सीनं, टचडाउन मारला तं माह्या पोरीनं टाळ्या वाजवल्या. माह्या घरात!

मैलभर उंचीवरून
डेन्वरहून लिहितोय, सांत्वन नको. आमच्या ब्रॉन्कोसचा डिफेन्स (फँटसीत अख्खा डिफेन्स एकच खेळाडू धरतात) मी लावला नव्हता, मला घरच्यांचं प्रेम आहे पण अक्कलही आहे. आमच्या ऑफिसच्या लीगमधे एकाने लावला होता आणि तो मायनसमधे गेला, म्हणजे ती जागा रिकामी ठेवली असती तर बरं झालं असतं.

पण एक गोष्ट कोणी बोलत नाहीये म्हणून सांगतो. आमचा रिसीव्हर कोर्टलंड सटन, त्या मॅचमधे त्याने टचडाउन केला आणि चांगले पॉइंट दिले. टीम एवढी मागे पडली की पळत बसायला वेळच नसतो, सारखा बॉल फेकावा लागतो आणि समोरचा डिफेन्सही तोपर्यंत सैल पडलेला असतो. फँटसीला हरणाऱ्या टीमचे पॉइंट पण तेवढेच चालतात. आमचा डिफेन्स असाच राहिला (आणि मला तरी सुधारणेची चिन्हं दिसत नाहीत) तर सटनला वर्षभर काम आहे. बघायला त्रास होतो ते वेगळं.

फ्रेमाँटची मावशी
माझ्याकडे कीनन ॲलन आहे, चार्जर्सचा रिसीव्हर. शांतपणे वाचा.

१८ कॅच, म्हणजे १८ पॉइंट. २१५ यार्ड, २१.५ पॉइंट. इथपर्यंत ३९.५, आणि टचडाउन एकही पकडलेला नाही. मग चार्जर्सने एक ट्रिक प्ले केला, एरवी बॉल फेकणाऱ्या हर्बर्टने बॉल ॲलनकडे दिला आणि ॲलनने स्वतः ४९ यार्ड लांब माइक विल्यम्सला फेकला, टचडाउन. फेकलेल्या टचडाउनचे ४, यार्डांचे १.९६. एकूण ४५.४६. वाइड रिसीव्हरच्या खात्यात पासिंगचे पॉइंट बघून मला आधी वाटलं ॲप गंडलंय.

ड्राफ्टच्या वेळी "एकतीस वर्षांचा आहे, म्हातारा झालाय" म्हणून ऑफिसातल्या पोरांनी मला हसून घेतलं होतं. एकतीसला म्हातारा म्हणणारी ही पोरं, मी तर काय मग हडप्पातली. आता त्याच पोरांच्या ट्रेडच्या ऑफर येताहेत, सोमवार सकाळपासून, एक तर मीटिंग चालू असताना.

सगळ्यांना नाही म्हणतेय कारण विल्यम्स बिचारा त्याच मॅचमधे गुडघ्याला लागून गेला, एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) फाटलं, म्हणजे सीझन संपला. आता ॲलनवर दोन-दोन माणसं लावतील हे खरं. पण रविवारी समोर असलेल्या मिनेसोटाने काय त्याला मोकळं सोडलं होतं? सगळ्या जगाला माहितीये बॉल त्याच्याकडे येणार आणि तरी तो मोकळा सापडतो, लहान जागेत वळून. पळण्याचा वेग हा त्याचा धंदाच कधी नव्हता त्यामुळे वयाने काय कमी होणार. हां, पाचव्या आठवड्यात चार्जर्सची सुट्टी आहे, तेव्हा कोणाला लावायचं याची सोय आजच बघतेय, चार्जर्सचाच जोश पामर मोकळा असेल तर सुट्टीनंतरसाठी घेऊन ठेवणार.

डॅलसकर
मावशी, अभिनंदन, आणि ॲलन द्यायचा झालाच तर मला सांगा.

मला दोन नावं शेजारी ठेवायची आहेत. टोनी पोलार्ड, आमच्या काउबॉइजचा. २३ वेळा बॉल घेऊन पळाला, १२२ यार्ड, टचडाउन शून्य. ॲरिझोनाकडून आम्ही हरलो २८-१६, त्यावर बोलायचं नाहीये. दुसरा जेरोम फोर्ड, निक चबचा गुडघा गेल्यावर क्लीव्हलँडने ज्याला पुढे केला तो. १० वेळा पळाला आणि यार्ड १८. अठरा! पण एक टचडाउन पळून आणि एक पकडून, त्यामुळे फोर्डने पोलार्डपेक्षा जास्त पॉइंट दिले आणि काल आमच्या ग्रुपवर एकजण विचारतोय की पोलार्ड देऊन फोर्ड घेऊ का.

अरे बाबा नको. टचडाउन म्हणजे बऱ्याचदा दोन यार्डवरून कोणाला बॉल दिला एवढाच प्रश्न असतो, तो या आठवड्यात तुझ्याकडे आला पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडे जाईल, क्लीव्हलँडने करीम हंटला परत बोलावलंय ते काय चहा प्यायला? २३ वेळा बॉल हातात मिळणं ही गोष्ट मात्र कोचने ठरवलेली असते आणि कोच लोक असं रोज बदलत नाहीत. मी सोमवारी सकाळी पॉइंटचा कॉलम बघतच नाही, किती स्नॅप खेळला, किती वेळा बॉल मिळाला, रिसीव्हर असेल तर किती वेळा त्याच्या दिशेने फेकला, एवढंच बघतो. इंडियानापोलिसचा झॅक मॉस घ्या, ३० वेळा पळाला रविवारी. जोनाथन टेलर पहिले चार आठवडे नाहीच, तोपर्यंत मॉसला डोळे झाकून खेळवा, मग तो टचडाउन करो न करो.

शिकागोतला वऱ्हाडी
हे सारं बराबर आहे भाऊ, पण लीगच्या टेबलात स्नॅप नाही लिहत, पॉइंट लिहते. मी ०-३ आहो.

मेरीलँडचा पावसाळी
मॉसचं नाव निघालंच आहे तर मी त्या मॅचला बॉल्टिमोरला स्टेडियममधे होतो, रेनकोट घालून, बायको म्हणाली होती घरी बस. गार्डनर मिन्शूच्या कोल्ट्सने (म्हणजे इंडियानापोलिसने) आम्हाला ओव्हरटाइममधे हरवलं, २२-१९, आणि हरवलं कोणी तर किकरने. मॅट गे. पन्नास यार्डच्या वरचे चार फील्ड गोल एकाच मॅचमधे, एनएफएलच्या इतिहासात हे आधी कोणीच केलेलं नाही, आणि तेही ओल्या मैदानावर. आमचा जस्टिन टकर, ज्याला आम्ही देव मानतो, त्याचा ६१ यार्डचा शेवटी कमी पडला. स्टेडियममधे इतकी शांतता मी पाहिली नव्हती.

आता गंमत बघा. फँटसीत माझ्या समोरच्याकडे कोण होता? गे. वीसच्या वर पॉइंट फक्त किकरचे. म्हणजे त्या शेवटच्या किकने माझी टीमही हरली आणि माझी टीमही हरली. दर वर्षी आमच्या लीगमधे प्रस्ताव येतो की किकर काढून टाका, नुसती लॉटरी आहे, आणि दर वर्षी मी विरोधात मत देतो कारण टकर माझ्याकडे असतो. या वर्षी विचार करतोय. मॅट गे वेव्हरवरून घ्यायला धावणाऱ्यांना एवढंच सांगतो की पन्नासच्या वरच्या चार किक मिळायला तुमची टीम चार वेळा अर्ध्या वाटेत अडकावी लागते.

पेठेतून
मी पुण्यातून खेळतो, क्लायंटच्या टीमने लीगमधे घेतलं म्हणून. रविवारच्या दुपारच्या मॅच आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात ते ठीक आहे, पण रात्रीची मॅच सोमवारी पहाटे पावणेसहाला. रेडर्स-स्टीलर्स बघत दात घासले. रेडर्सचा डेवांटे ॲडम्स, १३ कॅच १७२ यार्ड दोन टचडाउन, आणि टीम तरी हरली, मैलभर उंचीवाल्यांचा मुद्दा इथे पण लागू होतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. या गुरुवारी अनंत चतुर्दशी. लायन्स-पॅकर्स मॅच अमेरिकेत गुरुवारी रात्री म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे पावणेसहा, तेव्हा लक्ष्मी रोडवर मिरवणूक चालूच असणार आणि मी पथकात ताशा वाजवतो. माझ्याकडे लायन्सचा जमीर गिब्स आहे. त्याच टीमचा डेव्हिड माँटगोमरी जखमी होता म्हणून रविवारी गिब्सला १७ वेळा बॉल मिळाला, ८० यार्ड. माँटगोमरी परत आला तर गिब्स बसवायचा, नाही आला तर खेळवायचा, आणि खेळणार की नाही ते पक्कं कळतं मॅचच्या दीड तास आधी, म्हणजे पहाटे सव्वाचारला. ताशा गळ्यात असताना फोन कसा बघायचा ते सांगा. गुरुवारच्या खेळाडूला फ्लेक्समधे टाकू नका, त्याच्या मूळ जागेवर टाका म्हणजे फ्लेक्स रविवारपर्यंत मोकळा राहतो, हे नवीन लोकांसाठी, मला कोणी सांगितलं नव्हतं.

आत्ताच शिकतेय
नमस्कार, पहिलंच वर्ष. ड्राफ्टच्या दिवशी विमानात होते, टीम कॉम्प्युटरनेच निवडली. त्याने मला बिल्सचा डिफेन्स दिलाय. वॉशिंग्टनच्या सॅम हाउलला नऊ वेळा पाडलं, चार इंटरसेप्शन (त्याचे पास मधेच पकडले), त्यातला एक थेट टचडाउन, ३७-३. मी जिंकले. नवरा त्याच लीगमधे आहे, तीन आठवडे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पॉडकास्ट ऐकतोय, तो हरला. घरात वातावरण तंग आहे.

प्रश्न: आता पुढच्या आठवड्यात बिल्सच्या समोर हेच ७० वालं मायामी आहे. डिफेन्स बसवू की खेळवू?

डॅलसकर
बसवा. डिफेन्स दर आठवड्याला समोरचा बघूनच निवडायचा, निष्ठा वगैरे ठेवायची नाही.

मैलभर उंचीवरून
मी खेळवीन. मॅच बफेलोत आहे, आणि बिल्सचा डिफेन्स म्हणजे आमचा डिफेन्स नव्हे.

एडिसनकरीण
ताई, दोन्ही पुरुषांनी दोन सल्ले दिले, आता नवऱ्याला विचारा आणि तो सांगेल त्याच्या उलट करा, तुमचा रेकॉर्ड बघता तेच बरं.

बरं, मूळ मुद्दा राहिलाच, एचेनवर किती लावायचे? बऱ्याच लीगमधे तो अजून मोकळा आहे. वेव्हरच्या शंभराच्या बजेटमधे कोण किती लावतंय?

डॅलसकर
पंचवीस. त्यावर एक नाही. १८ वेळा बॉल मिळाला खरा, पण स्कोअर किती झाला होता ते बघा, तो ६७ यार्डचा टचडाउन चौथ्या क्वार्टरमधला आहे, तेव्हा डेन्वरवाले पार्किंगचा विचार करत होते. मॉस्टर्ट कुठे गेलेला नाही.

फ्रेमाँटची मावशी
मी साठ म्हणते. मॉस्टर्टपण एकतीस वर्षांचाच आहे ना, आणि रनिंग बॅकचे एकतीस आणि माझ्या ॲलनचे एकतीस यात फरक आहे, रनिंग बॅक रोज मार खातो. एचेनचा वेग बघितला का? असा पोरगा वर्षातून एकदा वेव्हरवर येतो, पैसे डिसेंबरपर्यंत उरवून काय करायचंय.

शिकागोतला वऱ्हाडी
आमच्यात तो मोकळा नाही, त्याच्यापायीच तं हरलो. मॉस्टर्ट देऊन एचेन मागून पाहू का? समोरचा हसन मले.

पेठेतून
साठ लावलेत. आमच्या लीगमधले कोणी मराठी वाचत नाहीत म्हणून बिनधास्त लिहितोय.

मेरीलँडचा पावसाळी
वाचतात. एकसष्ट.