क्लास काढताना लूपमध्ये एकाआड एक ओळ का सुटते?

प्रश्न
नमस्कार. जावास्क्रिप्ट वापरून वेबपानावरील एका टेबलमधील सहा ओळींवरून ‘निवडलेली’ हा क्लास (एलिमेंटला दिलेले गटाचे नाव) काढायचा आहे. गेटएलिमेंट्सबायक्लासनेमने ओळी मिळवून, शून्यापासून लेंग्थपर्यंत जाणाऱ्या फॉर लूपमध्ये मी प्रत्येकीचा क्लास काढतो. पण पहिली, तिसरी आणि पाचवी एवढ्याच ओळींवरून तो जातो. कन्सोलमध्ये एरर नाही, आणि फॉर-ऑफ वापरूनही तेच घडते. असे का होत असावे?

उत्तर १
गेटएलिमेंट्सबायक्लासनेम ही मेथड ॲरे (साधी यादी) देत नाही, एचटीएमएलकलेक्शन (पानातील एलिमेंट्सचा संग्रह) देते, आणि ते लाइव्ह असते: पानात बदल झाला की त्याच क्षणी कलेक्शनही बदलते. पहिल्या ओळीचा क्लास काढताच ती कलेक्शनमधून बाहेर पडते, दुसरी ओळ शून्य क्रमांकावर सरकते, आणि तुमचा इंडेक्स मात्र एकवर गेलेला असतो, म्हणून दुसऱ्या ओळीला हात न लावता लूप थेट तिसरीवर पोहोचतो. लेंग्थही दर फेरीला घटत असल्यामुळे तीन फेऱ्यांतच लूप थांबतो. फॉर-ऑफही आतून याच क्रमाने पुढे जात असल्याने त्याचा उपयोग झाला नाही. शेवटच्या ओळीपासून उलट मोजत आल्यास अडचण सुटते, तरी ॲरे.फ्रॉमने आधी प्रत काढून त्या प्रतीवर लूप चालवणे मला अधिक योग्य वाटते, कारण पुढे कोड वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो.

उत्तर २
ओळी मिळवण्यासाठी क्वेरीसिलेक्टरऑल वापरावे. त्यातून मिळणारी नोडलिस्ट (पानातील नोड्सची, म्हणजे घटकांची यादी) स्थिर असते आणि तिच्यावर फॉरईच, म्हणजे प्रत्येक घटकासाठी फंक्शन चालवणारी मेथड, थेट चालते. एचटीएमएलकलेक्शनवर ती मेथडच नाही. फॉर-इन मात्र येथे कटाक्षाने टाळावे, कारण त्यात ओळींच्या क्रमांकांबरोबर लेंग्थ, आयटम अशा प्रॉपर्टींची नावेही येतात.

उत्तर ३
वरील उत्तराला एक पुरवणी आवश्यक आहे. प्रत्येक नोडलिस्ट स्थिर नसते. चाइल्डनोड्समधून (एखाद्या एलिमेंटच्या आतील थेट नोड्स देणारी प्रॉपर्टी) मिळणारी नोडलिस्ट लाइव्हच असते, आणि तिच्यावर फॉर-ऑफ चालवून प्रत्येक फेरीत त्याच पालक एलिमेंटमध्ये नवा नोड जोडत गेल्यास लूप कधीच संपत नाही. साध्या ॲरेवर फॉरईच चालू असताना स्प्लाइस या मेथडने चालू घटक त्याच ॲरेमधून काढला, तरी पुढचा घटक असाच सुटतो. सेटचे (एकही घटक दोनदा न ठेवणारा संग्रह) तसे नाही: फेरीतील चालू घटक डिलीट केला तरी बाकीचे सर्व घटक व्यवस्थित भेटतात.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्वेरीसिलेक्टरऑल वापरल्यावर सहाही ओळींवरून क्लास गेला. याच पानावर चाइल्डनोड्सवर चालणारा आणखी एक लूप आहे; तेथे आता ॲरे.फ्रॉम वापरतो.