मदत हवी आहे : अ‍ॅसिटोबॅक्टरची बेणेप्रक्रिया केल्यावर युरिया खरंच निम्मा करायचा का?

मंडळी, राम राम. दीड एकर पूर्वहंगामी ऊस लावतोय, जात को ८६०३२, दोन डोळ्यांची टिपरी (उसाचे तुकडे). या वेळी अ‍ॅसिटोबॅक्टर वापरायचं ठरवलंय. हा जिवाणू मातीत नाही, तर उसाच्या आतच राहून हवेतला नत्र पिकाला देतो. १९८८ मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी तो उसातूनच वेगळा केला होता.

शिफारस माहीत आहे : हेक्टरी १० किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), १०० लिटर पाण्यात, टिपरी ३० मिनिटं बुडवायची. त्यानंतर नत्र ५० टक्के आणि स्फुरद २५ टक्के कमी. इथेच हात थरथरतो. वडील म्हणतात, "बाटलीतल्या पाण्याच्या भरवशावर ऊस पिवळा पाडशील." त्यांचंही अगदीच चूक नाही. गेल्या वर्षी आणलेलं पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर तापलं, मग फरक कुठून दिसणार!

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. कार्बेन्डाझिममध्ये आधी बुडवलेलं बेणं किती वेळ सुकवून मग जिवाणूच्या द्रावणात टाकता? बुरशीनाशकाने जिवाणू मरत नाहीत ना? पहिल्याच वर्षी नत्र निम्म्यावर आणलात, की आधी पाव भाग कमी करून पाहिलात? आणि लागणीनंतर दोन महिन्यांनी पानांवर द्रवरूप फवारणी कुणी केली आहे का? फुटव्यांत फरक पडला का?

माझा विचार चार सऱ्या बिनप्रक्रियेच्या ठेवायचा आहे, म्हणजे वडिलांशी वाद घालायला पुरावा राहील. लागण येत्या आठवड्यात आहे, जरा लवकर कळवा.