घरी शिवलेल्या तंबूला वेगळा खांब हवाच

घाटवाट:
"चालायच्या काठ्या हातात असताना तंबूला वेगळा खांब वाहणं ही नुसती हौस आहे," असं काल एका भटक्याने ठासून लिहिलं. ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. राजगडावर माचीवर तंबू लावला आणि बालेकिल्ला करून यायचाय. तंबू काठ्यांवरच उभा केलेला असेल, तर त्या सोबत घेतल्या की तो आडवा होतो. माझा खांब १२० सेंमीचा, ४० चे तीन तुकडे, १२ मिमी ॲल्युमिनियमची नळी, जाडी १ मिमी, आतून इलॅस्टिक. बोहरी आळीतून नळी आणली, घरीच कापली. वजन १३० ग्रॅम. एवढ्या वजनात मनाला स्वस्थता मिळते.

दोनकाठ्या:
ते मीच लिहिलं होतं. बालेकिल्ल्याला काठ्या नेतं कोण? तिथे दोन्ही हातांनी रेलिंग धरावं लागतं. माझे गुडघे गेलेत, गुंजवण्याच्या बाजूने उतरताना काठ्यांशिवाय पाऊल टाकता येत नाही. म्हणजे त्या मी नेणारच, मग आणखी एक नळी कशाला? आणि कोकणकड्यावर तुमचा खांब कसा वाकला तेही लिहा. शेजारच्याच तंबूत होते मी.

घाटवाट:
बालेकिल्ल्याचं उदाहरण चुकलं, मान्य. संजीवनी माचीचं घ्या, तिथे तासन्‌तास चालायचं असतं. आणि हो, वाकला. कड्याखालून वारा उसळला, पहाटे तीनला ओलं कापड तोंडावर आलं. जोडाजवळ वाकला. पुढच्या वेळी महागातलं ७०७५ जातीचं ॲल्युमिनियम घेणार, ते ताठ असतं.

भोसरी_लेथ:
ताठ नसतं हो! रोज नळ्या कापतो, हे ऐकून कान किटलेत. ६०६१ काय, ७०७५ काय, ताठपणा जवळपास तोच. ७०७५ ची ताकद जवळजवळ दुप्पट, म्हणजे कायमचं वाकायला ते उशीर लावतं. पण उभा खांब दाबाखाली कमानीसारखा फुगतो तो ताठपणा कमी पडल्यामुळे, आणि ताठपणा ठरतो व्यासावर. तुमची १२ ची नळी, १२० सेंमी, अगदी सरळ आणि बिनजोडाची धरली तरी साधारण २५ किलोच्या दाबाला फुगते. तेवढ्याच जाडीची १६ ची घ्या, ६० च्या पुढे जाते. नळी फक्त ४० ग्रॅमनी जड. जोडाची आतली नळी किती शिरते?

घाटवाट:
दोन सेंमी.

भोसरी_लेथ:
मग वारा काय करणार? दोन्ही बाजूंना व्यासाच्या चौपट तरी हवी. १६ ला सहा-साडेसहा सेंमी. ढिली बसली तर जोडात कोन पडतो, आणि वाकड्या खांबावर दाब आला की तो तिथेच मोडतो. एमरी पेपर मारून हाताने जेमतेम सरकेल इतकी घट्ट बसवा.

मावळी:
एवढा हिशेब कशाला? कारवीच्या दोन काठ्या तोडायच्या, वजन शून्य. आमच्याकडे घराला कारवीचेच कूड, म्हणजे भिंती, घालायचे.

रानवेडी:
अहो, कसलं वजन शून्य? कारवी सात वर्षांत एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. फुलायच्या आधी तोडलीत तर त्या झाडाचं बी पडणारच नाही. राजमाचीच्या वाटेवर तंबूवाल्यांनी टाकलेल्या काठ्यांचा ढीग मी स्वतः पाहिलाय.

मावळी:
ताई, डोंगर फोडून फार्महाऊस उभी राहिली तेव्हा तुम्ही पुणेकर कुठे होता? प्लॉट तुमचेच. आमच्या दोन काठ्या मात्र बरोबर दिसल्या!

रानवेडी:
माझा प्लॉट नाही, मी दोन खोल्यांत राहते. फार्महाऊसवरही बोलते, गप्प बसलेली नाही. तुमच्या आजोबांचा कूड वर्षानुवर्षं उभा राहायचा. तुम्ही एका रात्रीसाठी तोडता आणि सकाळी टाकून येता. त्यांचं नाव या कामाला लावू नका.

दोनकाठ्या:
मावळीदादा, यात ती बरोबर आहे.

मावळी:
गावाकडच्या माणसाला रान शिकवायची सवय काही जात नाही तुमची. टाकून येतो, हे मात्र खरं आहे. बुरुड आळीतून बांबू नेईन.

भोसरी_लेथ:
बांबू चांगला, मुळातच पोकळ. पण तुकडे करताना पेऱ्याच्या जवळ कापा आणि टोकाला बाहेरून नळीचं कडं घाला, नाहीतर जोडात उभा चिरतो. अख्खी काठी एसटीच्या गर्दीत सांभाळणं कठीण.

दोनकाठ्या:
माझ्या काठ्या जोडीने साडेचारशे ग्रॅम. १६ चा खांब जोडांसकट १८० च्या आसपास बसेल ना? गुडघ्यांसाठी काठ्या नेणारच, तो मुद्दा मी सोडत नाही. पण तंबू लावून दिवसभर हिंडायचं असेल तेव्हा खांब नेईन. एक करून द्याल?

भोसरी_लेथ:
करतो. तंबूची उंची मोजून कळवा, कापड ओलं असताना. नायलॉन असेल तर ते भिजलं की सैल पडतं, कोरड्यावर माप घेतलंत तर खांब आखूड होईल.